टच रात्रपाळीतच का बिघडायचा? एका बेडसाइड मॉनिटरचं प्रकरण

भोसरीतल्या एका छोट्या कंपनीचा बेडसाइड मॉनिटर होता, १०.१ इंची स्क्रीन, वर फोनसारखा कपॅसिटिव्ह टच, ईसीजी, ऑक्सिजन, बीपी सगळं एकाच डब्यात. कंपनीचं नाव सांगत नाही, गरजही नाही. तक्रारी दोन आल्या होत्या आणि दोन्ही एकाच पॅनेलच्या आहेत हे ऐकून पटत नव्हतं. एक म्हणजे अलार्म म्यूट करायला बटण दोनदा-तीनदा दाबावं लागतं. दुसरी म्हणजे दाबलं एक की लागतं भलतंच, म्यूट दाबलं तर त्याच्या वरच्या बाजूचा लिमिटचा मेनू उघडतो. ही दुसरी तक्रार जवळजवळ कायम रात्रीची. एका सिस्टरने सरळ सांगितलं, "सर, दिवसा बरा असतो, रात्री येडा होतो." यावर ऑफिसात जे ठरलेलं उत्तर असतं तेच होतं, रात्री स्टाफ दमलेला असतो, हात ओले असतात वगैरे. मला हे कधीच पटत नाही, माणूस दमला म्हणून मेनू आपोआप उघडत नाही.

मी बघायच्या आधी पॅनेल पुरवणाऱ्याच्या माणसाने फर्मवेअरमध्ये (टचच्या चिपमधल्या सॉफ्टवेअरमध्ये) एक "इलाज" करून ठेवला होता. त्याचा हिशोब इथे मांडतो कारण पुढचं सगळं त्यातच अडकलंय. पॅनेलला २७ टीएक्स लाइन (सिग्नल सोडणाऱ्या, आडव्या), ४३ आरएक्स लाइन (तो सिग्नल मोजणाऱ्या, उभ्या), दोन लाइनींमधलं अंतर ५ मिमी. टीएक्स आणि आरएक्स एकमेकींना जिथे ओलांडतात तो एक नोड. टीएक्सवर १०० किलोहर्ट्झचा स्क्वेअर वेव्ह द्यायचा, एका वेळी एकच लाइन, प्रत्येक लाइनवर ३२ सायकल, म्हणजे ३२० मायक्रोसेकंद. २७ लाइनींचे झाले ८.६ मिलिसेकंद. इथपर्यंत ठीक होतं, ११५ हर्ट्झच्या आसपास स्कॅन मिळतो. पण घोस्ट टच (भलत्याच जागी दिसणारे खोटे टच) येतात म्हणून त्याने चार फ्रेमचं, म्हणजे चार पूर्ण स्कॅनचं, अॅव्हरेज लावलं, झाले ३४.६ मिलिसेकंद, आणि वर डीबाउन्स तीन फ्रेमचा, म्हणजे सलग तीनदा दिसल्याशिवाय टच मान्यच करायचा नाही. झाले १०४ मिलिसेकंद, आणि अजून टच प्रोसेसरपर्यंत पोचलेला पण नाही. घाईत मारलेली टॅप काचेवर कधीकधी १०० मिलिसेकंद पण टिकत नाही, ती सरळ गाळली जाणार. म्हणजे पहिली तक्रार ही दुसऱ्या तक्रारीच्या इलाजातून जन्माला आली होती, आणि गंमत म्हणजे दुसरी तक्रार काही गेली नव्हतीच.

टचच्या सर्किटमध्ये स्पीड आणि अचूकता असे दोन वेगळे खिसे नसतात, वेळ हा एकच खिसा असतो. जास्त वेळ मोजलं की नॉईज कमी होतो, चौपट वेळ दिला की रँडम नॉईज निम्मा. पण हे फक्त रँडम नॉईजला लागू आहे. नॉईज जर ठराविक फ्रिक्वेन्सीचा असेल आणि तो नेमका तुमच्या ड्राइव्हच्या (टीएक्सवर सोडलेल्या सिग्नलच्या) फ्रिक्वेन्सीवर येऊन बसला असेल तर कितीही अॅव्हरेज करा, तो सिग्नलच समजला जातो. त्यामुळे फिल्टर वाढवायच्या आधी नॉईज कुठून येतो आणि कुठल्या फ्रिक्वेन्सीचा आहे हे बघायला पाहिजे होतं, ते कुणी बघितलंच नव्हतं.

पहिला धागा कच्च्या डेटात मिळाला. टच कंट्रोलरला डीबग मोडमध्ये टाकून सगळ्या २७ गुणिले ४३ नोडचे आकडे लॅपटॉपवर रंगीत नकाशासारखे बघत बसलो. कुणी हात लावला नाही तर नकाशा शांत, अगदी रात्रीच्या सेटिंगमध्येही. बोट टेकवलं की बोटाखालची जागा उठते ते बरोबरच, पण त्याबरोबर त्याच आरएक्स लाइनवरचे वरचे-खालचे नोडसुद्धा थरथरायला लागतात, आख्खा उभा पट्टा. शेजारच्या पट्ट्यांत काही नाही. हे चिन्ह ओळखीचं आहे. डिस्प्लेचा नॉईज असता तर बोट नसतानाही सगळीकडे दिसला असता. फक्त बोटाच्या पट्ट्यात दिसतो म्हणजे नॉईज बोटातून आत शिरतोय. खरंतर बोट शांत असतं, जमिनीशी जोडलेलं, आणि मॉनिटरचा ग्राउंडच अडॉप्टरमुळे वर-खाली होत असतो, पण आरएक्सच्या दृष्टीने दोन्ही एकच. याला कॉमन मोड नॉईज म्हणतात आणि मोबाइलवाल्यांना हा चांगलाच माहीत आहे, स्वस्त चार्जर लावला की फोन आपोआप टाइप करायला लागतो तो हाच. युरोपात मोबाइल कंपन्यांनी कॉमन चार्जरचं ठरवलं त्यानंतर २०१० मध्ये जो ईएन ६२६८४ स्टँडर्ड आला त्यात चार्जरच्या कॉमन मोड नॉईजलाही मर्यादा घातलेली आहे.

मग रात्रीचं काय? अडॉप्टरच्या आउटपुटचा निगेटिव्ह आणि मेन्सचं अर्थिंग यांच्यामध्ये स्कोप (सिग्नलचा आलेख दाखवणारं यंत्र) लावला. दिवसासारखं चालवलं, स्क्रीन फुल्ल ब्राइट, बॅटरी चार्ज होतेय, तर ६५ किलोहर्ट्झचा पॅटर्न, फ्लायबॅक प्रकारच्या स्विचिंग अडॉप्टरमध्ये ही अगदी नेहमीची फ्रिक्वेन्सी. ईएमआय टेस्ट (इतर उपकरणांना त्रास देणाऱ्या लहरींची) पास व्हावी म्हणून अडॉप्टरचा कंट्रोलर ती मुद्दाम थोडी हलवत ठेवतो, साधारण सहा टक्के इकडे तिकडे. ६५ चे पट मांडा: ६५, १३०, १९५, २६०. आपला ड्राइव्ह १०० वर, म्हणजे दोन दातांच्या मध्ये, नशिबाने सुरक्षित. आता रात्रीसारखं करा. वॉर्डातले दिवे बंद झाले की मॉनिटर बॅकलाइट एकदम खाली आणतो, बॅटरी तोवर फुल्ल झालेली असते, लोड पडतो. लोड पडला की हल्लीचे बहुतेक फ्लायबॅक कंट्रोलर वीज वाचवायला स्विचिंगची फ्रिक्वेन्सी खाली आणतात, पण साधारण २० किलोहर्ट्झच्या वरच थांबतात, त्याखाली ट्रान्सफॉर्मर शिट्टी मारतो. हा २५ वर येऊन बसत होता. २५ चा चौथा हार्मोनिक, म्हणजे चौथा पट, १००. नेमका आमच्या ड्राइव्हच्या डोक्यावर. सिस्टर बरोबर होत्या, मॉनिटर खरंच रात्रीच येडा होत होता.

इथे कुणीही म्हणेल की अडॉप्टर बदला, किंवा त्यातला वाय कॅपॅसिटर वाढवा. कॉमन मोड नॉईज दाबायचा सोपा रस्ता तोच असतो, प्रायमरी (मेन्सची बाजू) आणि सेकंडरी (आउटपुटची बाजू) यांच्यामध्ये जरा मोठा कॅपॅसिटर. पण हे मेडिकल आहे. आयईसी ६०६०१-१ मध्ये नॉर्मल स्थितीत टच करंट (डब्याला हात लावणाऱ्यातून जाणारा गळतीचा करंट) १०० मायक्रोअँपच्या आत पाहिजे. २६४ व्होल्ट, ५० हर्ट्झ धरून गणित केलं तर १ नॅनोफॅरडला ८३ मायक्रोअँप होतात, १.२ ला शंभर. घरगुती अडॉप्टरमध्ये जो २.२ नॅनोफॅरड सर्रास दिसतो त्याचे होतील १८२. म्हणजे पेशंटच्या सेफ्टीपायी मेडिकल अडॉप्टर टचच्या बाबतीत मुळातच जास्त घाणेरडा असतो, आणि यावर भांडून उपयोग नाही. डीसी वायरवर कॉमन मोड चोक (नॉईज अडवणारी कॉइल) लावला, त्याने वरच्या हार्मोनिकला फरक पडला, १०० किलोहर्ट्झला फार नाही. एकाने सुचवलं की रात्री एक डमी लोड रेझिस्टर चालू ठेवा म्हणजे अडॉप्टर खाली उतरणारच नाही. चालेल हो, पण लाइट गेली की तोच रेझिस्टर बॅटरी खाणार आणि रात्रभर डब्यात उष्णता वेगळीच. नको म्हटलं.

आता नॉईज किती मोठा ते बघा, कारण नुसतं "नॉईज आहे" म्हणून डिझाइन होत नाही. एका नोडची म्युच्युअल कपॅसिटन्स (टीएक्स आणि आरएक्स यांच्यातली) साधारण १.५ पिकोफॅरड, बोट आलं की ती वीस टक्क्यांनी म्हणजे ०.३ ने घटते. ड्राइव्ह ३.३ व्होल्ट. म्हणजे सिग्नलचा चार्ज १ पिकोकूलॉम. बोट आणि आरएक्स लाइन यांच्यात धरा १ पिकोफॅरड, आणि ग्राउंड हलतोय स्कोपवर ५ व्होल्ट पीक टू पीक. म्हणजे नॉईजचा चार्ज ५ पिकोकूलॉम. सिग्नलच्या पाचपट! सगळा काही एकाच फ्रिक्वेन्सीत नसतो हे खरं, डीमॉड्युलेटर (ड्राइव्हची फ्रिक्वेन्सी तेवढी वेचणारा भाग) बराचसा गाळतो, पण त्यातला पाचवा हिस्सा जरी बँडमध्ये पडला तरी सिग्नल आणि नॉईज बरोबरीत आले. अशा ठिकाणी थ्रेशोल्ड (टच मानायची पातळी) वर-खाली करत बसणं म्हणजे वेळ घालवणं.

पहिला बदल सगळ्यात स्वस्त होता. टच कंट्रोलरच्या आत चार्ज पंप (व्होल्टेज वाढवणारं सर्किट) होता, वापरलाच नव्हता. टीएक्स ३.३ वरून १० व्होल्टवर नेला, सिग्नल तिप्पट, ९.६ डीबी फुकटात. फुकटात म्हणजे, एमिशनची टेस्ट परत करावी लागली.

दुसरा बदल मला सगळ्यात जास्त आवडतो. एका वेळी एक टीएक्स चालवताना बाकीच्या २६ नुसत्या बसून असतात, त्या नोडबद्दल त्या वेळात काहीच माहिती मिळत नाही. त्याऐवजी चार लाइन एकदम चालवायच्या, एक उलट्या फेजमध्ये आणि तीन सरळ, पुढच्या स्लॉटला उलटी लाइन एक घर पुढे सरकवायची, असे चार स्लॉट. वजा एक, एक, एक, एक आणि त्याचे फिरवलेले प्रकार, हा चारचा हॅडमार्ड मॅट्रिक्स आहे, कुठल्याही दोन ओळींचा गुणाकार शून्य येतो, त्यामुळे नंतर साध्या बेरीज-वजाबाकीने प्रत्येक लाइनचा सिग्नल वेगळा काढता येतो. वेळ तेवढाच लागतो पण प्रत्येक नोड एकदाऐवजी चार वेळा मोजला जातो, रँडम नॉईज निम्मा. २७ ला चारने भाग जात नाही म्हणून एक खोटी लाइन धरून २८, सात गट. म्हणजे जे चार फ्रेमच्या अॅव्हरेजने ३४.६ मिलिसेकंदात मिळत होतं ते आता २८ गुणिले ३२० मायक्रोसेकंद, म्हणजे ९ मिलिसेकंदात. चार फ्रेमचं अॅव्हरेज त्या दिवशीच काढून टाकलं.

यात एक खोच आहे जी डेटाशीटमध्ये कोपऱ्यात लिहिलेली असते. वजा एक आणि तीन एक यांची बेरीज दोन येते, म्हणजे आरएक्सच्या इंटिग्रेटरला (चार्ज साठवून मोजणाऱ्या भागाला) दोन नोडचा मूळ चार्ज एकदम गिळावा लागतो, आणि व्होल्टेजही तिप्पट केलंय. आधी ५ पिकोकूलॉम होता तो आता ३०. इंटिग्रेटर सॅच्युरेट होतो आणि मग सगळं सपाट. त्यासाठी ऑफसेट रद्द करणारा कॅपॅसिटर प्रत्येक आरएक्सला उलटा चार्ज देतो तो नीट ट्यून करावा लागला, लाइनप्रमाणे वेगवेगळा. सगळ्या २८ एकदम का नाही चालवल्या असं विचाराल तर कारण हेच, फायदा कागदावर पाचपट दिसतो पण इंटिग्रेटर भरायच्या आधीची मोकळी जागा, हेडरूम, तिथे जातं. आणि कोडिंग रँडम नॉईजवर काम करतं, अडॉप्टरचा हार्मोनिक अंगावर आला तर नाही.

त्या हार्मोनिकसाठी फ्रिक्वेन्सी बदलत राहणं हाच मार्ग. टीएक्स बंद ठेवून आरएक्सने नुसतं ऐकायचं, कुठल्या फ्रिक्वेन्सीवर शांतता आहे, आणि तिथे जायचं. पण आमच्याकडे जायला जागाच नव्हती! स्क्वेअर वेव्हचा डीमॉड्युलेटर तिसरा हार्मोनिकही पकडतो, एक तृतीयांश ताकदीने, त्यामुळे ८८ वर गेलो की दिवसा २६४ चा नॉईज येतो, जो ६५ च्या चौथ्या पटीत बसतो. दिवसा १००, रात्री ८८, संपलं. वर का जाता येत नाही तर आयटीओ. काचेवरची ती पारदर्शक लाइन २१७ मिमी लांब, १०० ओहम पर स्क्वेअर, डायमंडचा आकार धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ८.६ किलोओहम, आणि खाली डिस्प्ले चिकटलेला असल्याने एकूण कपॅसिटन्स २५० पिकोफॅरडच्या आसपास. पसरलेल्या लाइनचा टाइम कॉन्स्टंट आरसीच्या (रेझिस्टन्स गुणिले कपॅसिटन्सच्या) ०.४०५ पट धरला तर ०.८७ मायक्रोसेकंद, ९८ टक्के स्थिरावायला ३.६, आरएक्सचे १.४ त्यात मिळवा, ५ झाले. अर्धी सायकल ५ मायक्रोसेकंद म्हणजे कमाल १०० किलोहर्ट्झ. त्यापुढे गेलं की लांबच्या टोकाचा सिग्नल मरतो. हो, नोडप्रमाणे गेन लावून नकाशा एकसारखा दाखवता येतो, बरेच लोक करतात, पण त्यात नॉईजही तेवढाच फुगतो आणि त्या कडेला बोटाची जागा थरथरते. आकडा सुंदर दिसतो एवढंच.

इथे पॅनेल बदलावं लागलं. मेटल मेशचा पर्याय होता, रेझिस्टन्स कितीतरी कमी, पण भाव ऐकून मालक गप्प झाले. मग टीएक्सला दोन्ही टोकांकडून ड्राइव्ह करायचं ठरलं. लाइन अर्धी झाली की रेझिस्टन्स अर्धा, कपॅसिटन्स अर्धी, टाइम कॉन्स्टंट एक चतुर्थांश. टीएक्सचे ३.६ मायक्रोसेकंद झाले ०.९, आरएक्सचे १.४ तसेच, एकूण २.३, म्हणजे २०० किलोहर्ट्झच्या वरपर्यंत मोकळीक. किंमत काय तर काचेच्या दुसऱ्या कडेलाही ट्रेस आले, बेझल (स्क्रीनभोवतीची चौकट) दीड-दोन मिमीने जाड झालं आणि मेकॅनिकलवाला माझ्याशी महिनाभर नीट बोलला नाही. ११२, १६२, १७२ आणि २१२ अशा चार फ्रिक्वेन्सी ठेवल्या. मोजायची विंडो, म्हणजे वेळ, सायकलवर न ठेवता २०० मायक्रोसेकंद फिक्स, वर हॅन विंडो, म्हणजे दोन्ही टोकांकडे मोजणीचं वजन हळूहळू शून्यावर आणायचं. हॅनने रँडम नॉईजमध्ये पावणेदोन डीबीचा तोटा होतो पण शेजारच्या फ्रिक्वेन्सीचा नॉईज बाजूने गळून आत येत नाही, आमच्या केसमध्ये सौदा फायद्याचा.

दोन गोष्टी इथे लोकांना हमखास नडतात. प्रत्येक फ्रिक्वेन्सीची बेसलाइन (बोट नसतानाचे आकडे) वेगळी असते, कारण लाइन प्रत्येकीवर वेगळी स्थिरावते. एकच बेसलाइन ठेवून उडी मारली की उडी मारताक्षणी आख्ख्या पॅनेलवर खोटा टच. चार बेसलाइन ठेवा, चारही अधूनमधून ताज्या करत राहा. दुसरी फक्त मॉनिटरवाल्यांची: श्वास मोजायला ईसीजीच्याच इलेक्ट्रोडमधून बारीक एसी करंट सोडतात, ३२ किंवा ६४ किलोहर्ट्झचा, आणि टचचा १० व्होल्टचा ड्राइव्ह तिकडे शिरला तर श्वासाचा वेव्हफॉर्म बिघडतो. ६४ चा तिसरा हार्मोनिक १९२, म्हणून मला आवडलेली १९० ची मोकळी जागा सोडून द्यावी लागली.

ग्लोव्हजबद्दल सगळे नायट्राइलला, म्हणजे ग्लोव्हच्या रबराला, दोष देत होते. हिशोब करा. २ मिमी काच, डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट ७, म्हणजे हवेच्या भाषेत ०.२९ मिमी. ०.१ मिमी रबर फार तर ०.०३. नगण्य. पण सैल ग्लोव्हच्या टोकाला ०.२ मिमी हवा राहिली की ती पुरी ०.२ मोजली जाते आणि सिग्नल साठ टक्क्यांवर येतो. त्यामुळे थ्रेशोल्ड सैल ग्लोव्ह धरून लावला, जे आता सिग्नल तिप्पट असल्याने परवडलं. सलाइनच्या थेंबांसाठी प्रत्येक फ्रेममध्ये एक सेल्फ कपॅसिटन्सचा (लाइन आणि जमीन यांच्यातली कपॅसिटन्स मोजणारा) स्कॅन घातला, सगळ्या लाइन एकदम एकाच व्होल्टेजवर हलवल्या की सुटा थेंब दिसेनासा होतो आणि बोट तेवढं दिसतं, दोन्ही स्कॅनमध्ये दिसेल तोच टच.

फ्रेमचा नवा हिशोब: २८ गुणिले २०० म्हणजे ५.६ मिलिसेकंद, चार फ्रिक्वेन्सी ऐकायला ०.८, सेल्फ स्कॅन दीड. ७.९. म्हणजे १२० हर्ट्झच्या ८.३ मध्ये बसलं. डीबाउन्स दोन फ्रेम, १७ मिलिसेकंद, आधीच्या १०४ च्या जागी.

एवढं करून मोबाइलच्या २४० एफपीएस कॅमेऱ्याने बोट आणि स्क्रीन शूट केली तर फरक अपेक्षेपेक्षा कमी. शोधलं तर आयटूसी (टच चिप आणि प्रोसेसर यांच्यातली डेटाची बस) अजून १०० किलोहर्ट्झवर, आणि ड्रायव्हर एका बोटासाठी सुद्धा दहा बोटांचं पूर्ण पॅकेट वाचत होता, ६४ बाइट, जवळपास ६ मिलिसेकंद. बस ४०० वर नेली आणि आहेत तेवढ्याच बोटांचा डेटा वाचायला लावला. यूआयमध्ये बटण दाबल्याचं ॲनिमेशन आणि एक जादा फ्रेम बफर होता, तोही काढला. कॅमेऱ्यात मोजलेला एकूण उशीर १६० च्या आसपास होता तो ६० वर आला. मायक्रोसॉफ्टच्या अप्लाइड सायन्सेस ग्रुपने २०१२ मध्ये १०० मिलिसेकंद आणि १ मिलिसेकंदाचा फरक डेमोमध्ये दाखवला होता, बोटामागे चिकटून सरकणारा चौकोन. आम्हाला चौकोन सरकवायचा नाहीये, म्यूट दाबायचंय, ६० पुरतात.

जुनी पॅनेलं जी आधीच हॉस्पिटलांत गेली होती त्यांना फर्मवेअर अपडेटने चार्ज पंप, कोडिंग आणि ८८-१०० ची उडी एवढंच देता आलं. रात्रीची तक्रार बरीच कमी झाली, पूर्ण गेली नाही, कारण मंद लोडवर अडॉप्टर २५ वरच राहील असं नाही, लोडप्रमाणे तो सरकतो आणि दोनच जागा असतील तर कधीतरी दोन्ही व्यापल्या जातात. नव्या पॅनेलवर हा प्रश्न दिसला नाही. ऑपरेशन थिएटरमध्ये मात्र कॉटरी (विजेने कापायचं आणि रक्त थांबवायचं यंत्र) चालू झाली की नवं पॅनेलही हात टेकतं, ती ३००-५०० किलोहर्ट्झच्या घरात इतक्या जोरात असते की इंटिग्रेटरच भरून जातो, मग कुठली फ्रिक्वेन्सी निवडता. तिथे चारही जागी नॉईज दिसला की टच स्वतःहून लॉक होतो, स्क्रीनवर तसं लिहून येतं आणि बाजूच्या नॉबने काम चालतं. पुढच्या मॉडेलमध्ये अलार्म म्यूटचं बटण टचवर ठेवूच नका, प्लास्टिकचं खरं बटण द्या, असं मी रिपोर्टमध्ये लिहिलंय. डिझाइनवाले अजून तयार नाहीत.